पेपर किती, सायटेशन किती आणि उपयोग किती?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास दिसते. आपल्याकडचे अमुक प्राध्यापक जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आले. सोबत फोटो, पुष्पगुच्छ आणि एका ओळीत आकडे: शोधनिबंध ६२, सायटेशन १,१४०, एच-इंडेक्स १४. वाचणाऱ्याला अभिमान वाटतो, पण १४ म्हणजे भरपूर की बेताचं, हे कुणी सांगत नाही. दहावीच्या गुणांसारखे ते शंभरपैकी नसतात, हे तरी कुठे लिहिलेलं असतं?

हे प्राध्यापक सार्वजनिक आरोग्याचे, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या बोलीत पीएसएमचे (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनचे) असतील, तर आकडा वाचणं आणखी अवघड होतं. या विषयातलं संशोधन ज्यांच्या कामी येतं ती माणसं, म्हणजे आशाताई, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका), तालुका आरोग्य अधिकारी, स्वतः पेपर म्हणजे शोधनिबंध लिहीत नाहीत. त्यांनी केलेला वापर कुठल्याच मोजणीत उमटत नाही. हा मुद्दा मनात ठेवून पुढचं वाचा.

सायटेशन म्हणजे प्रमाण

पंढरपूरच्या वाळवंटात ज्यांनी कीर्तन ऐकलंय त्यांना हे लगेच उमगेल. कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो आणि मुद्दा पक्का करायला मध्येमध्ये इतर संतांची प्रमाणं देतो. संशोधकही तेच करतो. ‘ग्रामीण भागात गर्भाशयमुखाचा कर्करोग उशिरा लक्षात येतो’ असं वाक्य लिहिलं, की ते कशावरून, हे दाखवणारा आधीचा पेपर त्याला शेवटच्या संदर्भयादीत नोंदवावा लागतो. अशी एक नोंद म्हणजे त्या जुन्या पेपरला मिळालेलं एक सायटेशन.

नोंद कोणत्या हेतूनं झाली हे मात्र आकड्यात दिसत नाही. कीर्तनात पूर्वपक्ष मांडतानाही प्रमाण येतं, आणि पुढे ते खोडलं जातं. गोवराच्या एमएमआर लशीमुळे मुलांना ऑटिझम होतो असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात, म्हणजे जर्नलमध्ये, आला होता. अभ्यास अवघ्या १२ मुलांवरचा. २०१० मध्ये लॅन्सेटनं तो मागे घेतला. तरीही त्याच्या नावावर हजारो सायटेशन आहेत, कारण लसीकरणावर लिहिणारा प्रत्येकजण ‘हा दावा चुकीचा ठरला’ हे सांगताना त्याचाच उल्लेख करतो. मोजणाऱ्या संगणकाला शाबासकी आणि निषेध सारखेच.

मोजतं कोण?

मुख्यतः तीन ठिकाणी मोजणी होते आणि तिघांचे आकडे सहसा जुळत नाहीत. गुगल स्कॉलर फुकट आहे. ते प्रबंध, अहवाल, परिषदेतली टिपणं, छपाईआधीच टाकलेले मसुदे, सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. स्कोपस ही एल्सेव्हिअर कंपनीची सेवा ठरावीक जर्नलपुरतंच मोजते. क्लॅरिव्हेटचं वेब ऑफ सायन्स आणखी निवडक. त्यामुळे एकाच माणसाचा एच-इंडेक्स गुगलवर १४ आणि स्कोपसवर ९ असणं अगदी सामान्य आहे. यात लबाडी नसते, चाळणीचा फरक असतो. म्हणून बातमीत किंवा बायोडेटात आकडा दिसला की आधी विचारायचं: कुठला, आणि कोणत्या तारखेचा? दोन उमेदवारांची तुलना करताना एकाचा गुगलचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा शेजारी मांडला, तर ती तुलना फाडून टाकण्याच्याच लायकीची.

एच-इंडेक्स हातानं काढून बघा

हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये हे माप सुचवलं. कृती सोपी आहे. एकाच्या सगळ्या पेपरांची सायटेशन मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमानं लिहायची आणि शेजारी १, २, ३ असे क्रमांक टाकायचे. वरून खाली येताना सायटेशनचा आकडा क्रमांकाएवढा किंवा त्याहून मोठा आहे तोवर पुढे जायचं. जिथे शेवटचा जुळतो तो एच-इंडेक्स.

समजा एखाद्या डॉक्टरांचे १० पेपर आहेत आणि सायटेशन अशी: ३१०, ४८, २२, ११, ९, ६, ६, ३, १, ०. सहाव्या क्रमांकाला ६ आहेत, जुळलं. सातव्यालाही ६ आहेत, पण हवे होते ७. म्हणून एच-इंडेक्स ६. एकूण सायटेशन ४१६. किमान १० सायटेशन असलेले पेपर चार, म्हणून गुगल स्कॉलर दाखवतं तो आय-१० इंडेक्स ४.

आता ३१० वाला पेपर यादीतून काढा. एकूण सायटेशन ४१६ वरून १०६ वर कोसळतात. एच-इंडेक्स पुन्हा मोजा: ४८, २२, ११, ९, ६, ६, ३... सहाव्याला अजूनही ६ आहेत. म्हणजे एच-इंडेक्स तोच, ६! या मापाचं बळ आणि दुबळेपण दोन्ही इथेच आहे. एकाच गाजलेल्या पेपरनं तो फुगत नाही, हे बरं. पण तो एक पेपर आयुष्यभराच्या मेहनतीतून आलेला आणि हजारो जीव वाचवणारा असला, तरी मापाला त्याचा पत्ता लागत नाही.

आणखी दोन गोष्टी. एच-इंडेक्स सहसा कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढू शकतो. म्हणून ३० वर्षं काम केलेल्या विभागप्रमुखाची आणि पाच वर्षांच्या सहायक प्राध्यापिकेची तुलना त्यावर करणं अन्यायाचं. शिवाय तो पेपरांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही. चार पेपर लिहिणाऱ्याचा जास्तीत जास्त ४.

इम्पॅक्ट फॅक्टर माणसाचा नसतो

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा असतो, लेखकाचा नाही आणि त्या पेपरचाही नाही. ही कल्पना युजीन गारफिल्ड यांची, १९५५ सालची. ग्रंथपालांना कुठली जर्नलं घ्यावीत हे ठरवायला मदत व्हावी, हा तिचा मोठा उपयोग होता. हिशोब असा: एका जर्नलनं २०२३ आणि २०२४ मिळून २५० लेख छापले आणि २०२५ मध्ये त्या लेखांना ५०० सायटेशन मिळाली, तर २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर ५०० भागिले २५०, म्हणजे २.

सोलापूर जिल्ह्यात हे समजवायला साखर कारखाना पुरे. कारखान्याचा साखर उतारा सगळ्या उसाचा मिळून निघतो आणि एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, त्या सरासरीवर ठरते. कुणाचा ऊस १२ टक्क्यांचा, कुणाचा ९ चा, पण कागदावर सगळे एकाच आकड्याखाली. जर्नलचंही तसंच, किंबहुना अधिक टोकाचं: थोडेसे लेख बरीचशी सायटेशन ओढून आणतात आणि पुष्कळशा लेखांना दोन वर्षांत एखादं किंवा एकही मिळत नाही. म्हणून ‘माझा पेपर इम्पॅक्ट फॅक्टर ५ च्या जर्नलमध्ये आहे’ याचा अर्थ त्या पेपरला पाच सायटेशन आहेत असा होत नाही.

खरा जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी जूनमध्ये जाहीर करते. त्याच्याशी मिळतीजुळती भारदस्त नावं लावून पैसे घेऊन आकडे विकणारी दुकानंही आहेत. जर्नलच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत इम्पॅक्ट फॅक्टर छापलेला दिसला, तर तो कुणी दिला हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकाच ‘पाटील एस.’ मध्ये किती माणसं?

आपल्याकडचा हा फार खरा आणि दुर्लक्षित प्रश्न आहे. पेपरवर नाव आडनाव आणि आद्याक्षरात जातं. पाटील एस., शिंदे एस., कुलकर्णी पी. ही नावं एकेका विषयात कित्येकांची असतात. गुगल स्कॉलर आपोआप पेपर जोडतं, त्यात दुसऱ्या पाटलांचे पेपर येऊन आकडा फुगतो. स्कोपसमध्ये उलटं होतं: एकाच व्यक्तीचे दोन-तीन तुकडे पडतात आणि एच-इंडेक्स घसरतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टर बाईंचं निम्मं काम हरवतं ते असंच. सोलापुरात तेलुगू आणि कानडी घरांतली नावंही आहेत. तिथे आधी घराण्याचं नाव लिहायचं की नंतर, यावर एकाच माणसाच्या तीन पेपरांवर तीन रूपं सापडतात.

उपाय फुकट आहे. ऑर्किड हा १६ अंकी ओळख क्रमांक २०१२ पासून मिळतो. पहिल्याच पेपरच्या आधी तो काढावा आणि प्रत्येक जर्नलला द्यावा. गुगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये ‘आपोआप जोडा’ हा पर्याय बंद करून ‘आधी मला विचारा’ हा निवडावा. स्कोपसमध्ये तुकडे पडले असतील तर प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती ऑनलाइन करता येते. निवड समितीवर बसणाऱ्यांनीही निदान पहिले २० पेपर उघडून ते त्याच व्यक्तीचे आहेत ना, एवढं बघावं.

त्या दोन टक्क्यांच्या यादीत काय मोजतात

बातमीत ‘स्टॅनफर्ड विद्यापीठानं निवड केली’ असं असतं. प्रत्यक्षात कुणी अर्ज मागवत नाही, मुलाखत घेत नाही, पारितोषिक देत नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन योआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या माहितीवर गणित मांडतात आणि ती तक्ता-फाइल सर्वांसाठी खुली करतात. सहा गोष्टी एकत्र करून एक गुण काढला जातो: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांत श्रेय वाटून काढलेला एच-इंडेक्स, आणि एकट्यानं लिहिलेल्या, पहिला लेखक (बहुधा मुख्य काम करणारा) म्हणून लिहिलेल्या व शेवटचा लेखक (बहुधा मार्गदर्शक) म्हणून लिहिलेल्या पेपरांची सायटेशन वेगवेगळ्या बेरजांत. त्या गुणानुसार जगातले पहिले एक लाख, किंवा आपापल्या उपविषयातले वरचे दोन टक्के, यादीत येतात.

यादी मेहनतीनं बनवलेली आहे आणि एका बाबतीत फार उपयोगी. तिच्यात स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे असतात. दोन प्रकार मात्र वेगळे ओळखायला हवेत. एक यादी संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी एकाच वर्षाची. बातमीत बहुतेक वेळा कुठली ते लिहिलेलं नसतं. दोन्ही मानाच्याच, पण वजन सारखं नाही.

सार्वजनिक आरोग्यात मोजणी का फसते

पहिलं कारण सहलेखकांची गर्दी. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ हा जगभरच्या रोगभाराचा अभ्यास लॅन्सेटमध्ये येतो तेव्हा शेकडो लेखकांची नावं असतात. सायटेशन हजारोंनी मिळतात आणि ती प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात, कुणी माहिती पुरवली, कुणी मसुदा तपासला, तरीही. असे पाच-सहा पेपर असले की एकूण आकडा डोळे दिपवतो. अशा वेळी आकड्याबरोबर पहिला, शेवटचा किंवा पत्रव्यवहाराचा (पेपरबद्दलच्या प्रश्नांना उत्तर देणारा) लेखक म्हणून किती पेपर आहेत, तेही मागावं.

दुसरं कारण विषयाचं ठिकाण. मधुमेहावर काम करणारे जगात लाखो आहेत, म्हणून त्यावरच्या मध्यम पेपरलाही सायटेशन मिळतात. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या श्वसनविकारांवर कुणी नेटका अभ्यास केला, तर तो प्रमाण म्हणून वापरणारे जगात किती असणार? पेपर कमी दर्जाचा म्हणून नव्हे, वाचणारे थोडे म्हणून त्याचा आकडा लहान राहतो. पण जिल्ह्याच्या कामगार आरोग्यासाठी तोच पेपर सोन्यासारखा.

तिसरं कारण सर्वांत मोठं, आणि त्यासाठी बार्शीकडे बघायला हवं.

बार्शीचा पेपर

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. त्याच रुग्णालयाच्या, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्यानं शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचा उस्मानाबाद) १९९९ पासून एक मोठी चाचणी झाली. डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने हे तिच्या प्रमुख लेखकांपैकी. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत आल्या. गटांची वाटणी चिठ्ठी टाकावी तशी चार भागांत झाली: एकात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नजरेनं तपासणी, चौथ्यात नेहमीची सेवा आणि माहिती.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले होते. चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. म्हणजे दर दहा हजारी साधारण १० आणि २०. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. एप्रिल २००९ मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं.

या पेपरला सायटेशन हजाराच्या वर आहेत. त्यांतली काही टीकेचीही: चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या जर्नलांत गंभीरपणे मांडला गेला आणि तो मांडायलाच हवा होता. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही तपासणी ही पहिल्या पसंतीची म्हणून सुचवली. तोवर आपल्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक चौकटीत प्राथमिक पातळीसाठी निवडली गेली होती ती स्वस्त आणि लगेच निकाल देणारी ॲसिटिक ॲसिडची तपासणी. म्हणजे प्रभावाचे टप्पे असतात. पेपर छापला जाणं, इतरांनी त्याचं प्रमाण देणं, मार्गदर्शक तत्त्वात येणं, सरकारी योजनेत पैसा मिळणं, आणि शेवटी उपकेंद्राच्या टेबलावर ती वस्तू असणं. सायटेशन यातला दुसराच टप्पा मोजतं.

पूर्ण वाट चाललेला पेपरही महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत राबवली, ४७ गावांशी तुलना केली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. २०११ पासून ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं. मोहोळ किंवा अक्कलकोटच्या वस्तीवर तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन करणारी ताई त्या पेपरचा रोज वापर करते. तिच्या भेटीचं सायटेशन होत नाही.

‘आकडे नकोत म्हणता, मग वशिल्यानं नेमायचं का?’

हा आक्षेप रास्त आहे. आकडे आले नव्हते तेव्हा ओळखीपाळखी होत्याच, आणि लहान गावातून आलेल्या हुशार मुलीला सायटेशननंच कधीकधी न्याय मिळवून दिलाय. आकडे फेकून द्या असं कुणी जाणतं माणूस म्हणत नाही. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ‘डोरा’ या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचं सांगणं एवढंच, की नेमणूक-बढतीत जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाच्या गुणवत्तेच्या जागी वापरू नका, पेपर वाचा.

वाचण्याऐवजी मोजणं सुरू झालं की काय होतं ते समोर आहे. चार-पाच जण ठरवून एकमेकांना सायटेशन देतात. भिशीच लावलेली असते, या महिन्यात तुझा नंबर, पुढच्या महिन्यात माझा. काम न करता नाव लावणं, एका अभ्यासाचे तीन तुकडे करून तीन पेपर काढणं हेही त्यातूनच येतं. आणि पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं. त्यांची खूण सोपी आहे: ‘आदरणीय थोर संशोधक’ अशी ईमेल, तीन दिवसांत स्वीकृती, तज्ज्ञांनी सुचवलेली एकही दुरुस्ती नाही, आणि लगेच बिल. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, अशा जर्नलना आळा घालायला मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी केली होती. २०२५ मध्ये तीही थांबवली, त्यामुळे पारखण्याची जबाबदारी आता महाविद्यालयांवर आणि स्वतः संशोधकांवर आली आहे. पीजीच्या विद्यार्थ्यांनी यात फसू नये म्हणून गाइडनीच सुरुवातीला तासभर देऊन हे शिकवायला हवं.

मोबाइलवर पंधरा मिनिटांत

एखाद्या संशोधकाचे आकडे समोर आले तर गुगल स्कॉलरवर नाव टाका आणि पेपर सायटेशननुसार लावा. पहिले पाच उघडा. त्यांत ही व्यक्ती कितव्या क्रमांकाची लेखक आहे, एकूण लेखक किती, आणि पेपर मूळ अभ्यासाचा की इतरांच्या अभ्यासांचा आढावा, ते बघा; आढाव्यांना सायटेशन बहुधा जास्त मिळतात. मग तोच पेपर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत शोधा. तो मागे घेतला गेला असेल तर तिथे ठळक सूचना दिसते. गेल्या दोन वर्षांतल्या पेपरांचा आकडा लहान असेल तर काही ठरवू नका, सायटेशन जमायला तेवढा वेळ लागतोच. पेपरच्या नावापुढे जागतिक आरोग्य संघटना, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा राज्य आरोग्य विभाग असे शब्द जोडून एकदा शोधा, एखाद्या मार्गदर्शक पुस्तिकेत तो सापडतो का बघा.

अभ्यास आपल्याच जिल्ह्यातला असेल, तर आणखी एक चौकशी करता येते. ज्या गावांत तो झाला तिथल्या उपकेंद्रात जा आणि एएनएम ताईंना विचारा, की त्या अभ्यासानंतर त्यांच्या रजिस्टरमध्ये एखादा नवा रकाना आला का.